गोडी आहे तोवर लिहून घ्या

घर दुरुस्तीला काढलंय, खोली भाड्याने द्यायची आहे, भावाबरोबर दुकान टाकायचं आहे. यातलं काही ना काही तुमच्याही घरी चालू असेल. सही करण्याआधी एक मोठा खटला समजून घ्या. त्यात तुमच्या कामाचं बरंच आहे.

2005 साली अंबानी बंधूंची वाटणी झाली. आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने घरातल्या घरात करार झाला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस थोरल्या भावाच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने धाकट्याच्या कंपनीला द्यायचा, असं ठरलं. रोज 2 कोटी 80 लाख घनमीटर, 17 वर्षं, दर दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं माप) 2.34 डॉलर.

हा करार घरातच राहिला. कंपन्या वेगळ्या करण्याची जी योजना मुंबई हायकोर्टाने मंजूर केली, तिच्यात गॅससाठी 'योग्य व्यवस्था' करावी, एवढंच मोघम लिहिलेलं होतं.

पुढे सरकारने 4.20 डॉलर दर मंजूर केला. मग 'योग्य' म्हणजे नेमकं काय, यावर भांडण जुंपलं. धाकटा म्हणाला, घरी ठरलं तेच. थोरला म्हणाला, सरकारच्या दराखाली देता येणार नाही. 2009 मध्ये हायकोर्टाने धाकट्याच्या बाजूने निकाल दिला. 7 मे 2010 ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. घरातला करार लाखो भागधारकांना ठाऊकच नव्हता, म्हणून तो कंपनीवर बंधनकारक नाही. आणि गॅस देशाच्या मालकीचा, त्याचा दर सरकारच ठरवणार.

दोघा भावांकडे नामांकित वकील होते आणि वर्षानुवर्षं लढण्याची ऐपत होती. तुमच्या-आमच्या घरात एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून एवढं करा.

आधी मोघम शब्द काढून टाका. 'स्वयंपाकघराचं काम नीट करून देणे' असं लिहिलं, तर 'नीट' कशाला म्हणायचं यावरून उद्या वाद होईल. ओटा कडप्प्याचा की ग्रॅनाइटचा, फरशी कुठली, साहित्य धरून दर की मजुरी वेगळी, काम कोणत्या तारखेला संपणार, हे लिहा. पैसे किती टप्प्यांत द्यायचे, तेही लिहा.

मग सही कुणाची आहे ते बघा. जागा वडिलांच्या नावावर असेल, तर नुसतं मुलाशी ठरवून भागत नाही. जागा चौघांची असेल, तर चौघांच्या सह्या घ्या. कंपनीशी व्यवहार असेल, तर सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे विचारा. विचारायला लाजू नका.

परिस्थिती बदलली तर काय, हेही आधीच ठरवा. सिमेंट महागलं, सरकारी नियम बदलला, एकाला मध्येच बाहेर पडायचं असलं, तर झळ कुणी सोसायची? संबंध गोड असतात तेव्हा हे दहा मिनिटांत ठरतं.

तोंडी आश्वासनावर विसंबू नका. 'ते कागदात नसलं तरी आम्ही करू' असं कुणी म्हणालं, तर ते कागदात घालायला लावा. लेखी करारावर सही झाल्यावर 'तोंडी वेगळं ठरलं होतं' हे कोर्टात सहसा ऐकून घेतलं जात नाही.

नोंदणीचा कंटाळा करू नका. महाराष्ट्रात घर भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. ते खोटं असल्याचं घरमालकाला सिद्ध करावं लागतं. भागीदारीचंही तसंच आहे. पेढीची नोंदणी नसेल, तर उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर पेढीच्या नावाने दावा लावता येत नाही.

कागद इंग्रजीत असेल तर जाणकाराकडून मराठीत समजावून घ्या. प्रत्येक पान वाचा. कोऱ्या जागेवर सही करू नका. सही झालेली एक प्रत घरी ठेवा.

एवढं करूनही खटका उडालाच, तर आधी समोरासमोर बसा. काय बोलणं झालं ते पत्राने कळवा. जमलं नाही, तर दोघांच्या विश्वासातला माणूस मध्ये घाला. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, लोकअदालतीत तडजोड होते का पाहा. कोर्टाची पायरी शेवटी.

'आपल्यात कागद कशाला?' असं समोरचा म्हणेल. रागावू नका. त्याला सांगा, उद्या आपण दोघं नसलो, तर काय ठरलं होतं ते आपल्या मुलांना कळायला हवं. त्यांच्यात भांडण नको, म्हणून आज लिहू या.