द्रौपदीच्या प्रश्नाचं काय?

महाभारतातल्या न उलगडलेल्या कोड्यांवर आमच्या धरमपेठेत गप्पा रंगतात. धर्मराज विदुराचा मुलगा असावा, हा इरावती कर्वेंचा 'युगान्त'मधला (१९६७) तर्क तर हमखास निघतो. बापाचा शोध सगळ्यांनाच घ्यायचा असतो! मला मात्र द्रौपदीचा प्रश्न छळतो: स्वतःलाच हरून बसलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावण्याचा हक्क उरतो का? धर्म सूक्ष्म असतो म्हणत भीष्मांनी उत्तर टाळलं. इरावतीबाईंना तर तो प्रश्न विचारणं हीच तिची चूक वाटली. इथे मी बाईंशी सहमत नाही. सभा गप्प बसली, यात विचारणारीची चूक कशी? आणि मैत्रिणींनो, नवरा स्वतःला हरला नसता, तर त्याला तो हक्क होता का? हे तिनेही विचारलं नाही. ते आपल्यालाच विचारावं लागेल.