कोल्हापूर–वैभववाडी: आधी चढ ठरवा

कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली आणि तिथेच थांबली. मिरजेहून येणारा रूळ आजही श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर संपतो. पुढे सह्याद्री, आणि त्याच्या पलीकडे खाली कोकण रेल्वे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात या दोन्हींना जोडणारा कोल्हापूर–वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग आला. त्याबद्दल बोललं जातं ते निधीचं आणि भूसंपादनाचं. घाटात चढ किती ठेवायचा, हा प्रश्न अभियंत्यांवर सोडून आपण मोकळे होतो. माझ्या मते मार्ग उपयोगी ठरणार की नुसता नकाशावर शोभणार, हे त्याच आकड्यावर ठरेल. म्हणून पैसे वाचवण्यासाठी चढ तीव्र करण्याला कोल्हापूरकरांनी आत्ताच विरोध केला पाहिजे.

‘ओपनटीटीडी’सारख्या रेल्वे उभारणीच्या संगणकीय खेळात हे फार लवकर कळतं. टेकडीवरून सरळ रूळ टाकला की खर्च कमी होतो. मग भरलेली मालगाडी त्या चढावर रांगू लागते, मागच्या गाड्या खोळंबतात आणि अख्खा मार्ग त्या एका तुकड्याच्या वेगाने चालतो. या खेळात रेल्वेचा चढ मुळात ३ टक्के धरलेला असतो. आपल्या बोरघाटात १८६३ साली बांधलेला चढ आहे ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. तेव्हाच्या साधनांनी तो घाट बांधणं हा पराक्रमच होता, पण त्या चढाची किंमत अजून फिटलेली नाही. आजही कर्जतला अनेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात. इंजिन जोडा, सोडा, रिकामं परत खाली आणा, हे वर्षानुवर्षं चालू आहे.

साधा हिशेब करू. उंचीचा फरक ४०० मीटर धरला, तर ३७ ला १ या चढाने तो सुमारे १५ किलोमीटरांत संपतो. १०० ला १ ठेवला तर ४० किलोमीटर लागतात. पण ३,००० टनांची गाडी पहिल्या चढावर नुसती पेलून धरायलाच ८१ टनांची ओढ लागते, दुसऱ्यावर ३० टनांची. डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या इंजिनाची कमाल ओढ साधारण ४७ टन. म्हणजे सौम्य चढावर एका इंजिनात काम भागतं, तीव्र चढावर दोन इंजिनांचाही कस लागतो. बंदरातून वर येणारा कोळसा असो की इथून खाली जाणारी साखर आणि फाउंड्रीचा माल, वाहतूक ट्रकपेक्षा स्वस्त पडली तरच तो रेल्वेकडे वळेल.

इंजिनं आता ताकदवान झाली आहेत, असं कुणी म्हणेल. वर ओढण्यापुरतं ते खरं. उतारावर मात्र प्रश्न ब्रेकचा असतो, आणि पावसाने ओल्या झालेल्या रुळावर चाकांची पकड इंजिनाच्या ताकदीने वाढत नाही. बोरघाटात निसटलेली गाडी अडवायला वेगळे रूळ ठेवावे लागले ते याचसाठी. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोकण रेल्वेने १५० ला १ इतका सौम्य चढ राखला आणि त्यासाठी ९० हून अधिक बोगदे खणले. पण ती सह्याद्रीच्या कडेने जाते, त्याला ओलांडत नाही, हे मान्य करायला हवं. इथे बोगद्यांचा भार जास्त पडेल. तरीही तो एकदाच सोसायचा आहे. जादा इंजिनाचा खर्च मात्र दर फेरीला.

सर्वांत गंभीर हरकत जंगलाची आहे. मार्ग लांबला तर डोंगर जास्त कापला जाईल, ही भीती रास्त आहे, आणि करूळ व भुईबावडा घाटांत दरडी कोसळताना आपण पाहतोच. म्हणून लांबी उघड्या कड्यावर वळणं घेऊन मिळवू नये, ती डोंगराच्या पोटातून मिळवावी. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जमीन आणखी चढत जाते. माथा गाठण्याआधीच बोगद्यात शिरलं तर ती वरची चढण वाचते आणि उतारही तेवढा कमी होतो. सविस्तर आराखडा लोकांपुढे येईल तेव्हा त्यात स्थानकांच्या नावांआधी घाटातला सर्वांत तीव्र चढ किती, हे छापलेलं असावं.