चाकांवरच्या घरातील भट्टी

२०२३ च्या ऑक्टोबरात कन्येकडे अमेरिकेस गेलो असता, कोलोरॅडोच्या डोंगरांत एक रात्र चाकांवरच्या घरात काढण्याचा योग आला. या गाडीत ऊब देण्यास प्रोपेन वायूची भट्टी असते. मध्यरात्री ती रुसली. पंखा घरघरे, ज्योत मात्र पेटेना. नात कुडकुडू लागली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी गॅसची शेगडीच रात्रभर पेटती ठेवावी असे सुचविले. जावईबापूंनी सासूबाईंचा शब्द प्रथमच मोडला. बंद गाडीत प्राणवायू घटला की शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना गंध, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

खिडकी उघडून शेगडी क्षणभर लावून पाहिली, ज्योत भरघोस. म्हणजे टाकी रिती नव्हती. थंडीलाही बोल लावता येईना, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो. (आपल्याकडील सिलिंडरात ब्यूटेनही असतो, तो शून्याच्या आसपासच आळसावतो.)

दोषी निघाली बॅटरी! भट्टीत आधी पंखा फिरतो, त्याच्या वाऱ्याने एक चिमुकले पाते ढकलले जाऊन खटका जुळतो, आणि मगच वायूची झडप उघडून ठिणगी पडते. आमच्या दिव्यांनी व गप्पांनी १२ व्होल्टची बॅटरी उतरली होती. पंखा फिरे, पण पाते हलेल इतका वारा नव्हता.

जावयांनी इंजिन चालू करून बॅटरीस जीव दिला, थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा लावला. थोड्या वेळाने ‘भक्’ असा आवाज आला. नात तोवर आजीच्या शालीत झोपली होती.