लॅबचा हिरा खोटा नाही, आपणच त्याला दागिना समजून बसलोय

परवा सराफाच्या दुकानात एक बाई विचारत होत्या, "लॅबमधला हिरा म्हणजे खोटाच ना हो?" सराफ म्हणाला, "खोटा नाही ताई, पण परत विकायला आलात तर फारसे पैसे येणार नाहीत." विषय तिथेच संपला. आपल्याकडे तो नेहमी तिथेच संपतो.

आता जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काय चालतं बघा. तिथे 27 किलोमीटरच्या भुयारी वर्तुळात प्रोटॉनचे झोत एकमेकांवर आदळवतात. झोत जरा भरकटला तर महागडी यंत्रणा खराब होऊ शकते. म्हणून ॲटलास या अवाढव्य यंत्रात झोताच्या अगदी जवळ पहारेकरी बसवले. हे पहारेकरी म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याच्या चकत्या, साधारण एक सेंटिमीटर चौकोनी आणि अर्धा मिलिमीटर जाड. कण आरपार गेला की हिऱ्यात विजेचा बारीक संकेत उठतो. धोका दिसला तर झोत बंद करायला सांगता येतं.

हिराच का? कारण इतक्या किरणोत्सर्गात सिलिकॉन लवकर खराब होतं, त्याला थंडही ठेवावं लागतं. हिऱ्यातले कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून तो जास्त टिकतो. सर्नमध्ये यावर 1994 पासून संशोधन चालू आहे.

भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञ तिथल्या प्रयोगांत आहेत. सुरतेत मिथेन वायूपासून हिरे वाढवणारी यंत्रं धडधडतायत. 2023 च्या अर्थसंकल्पात लॅबच्या हिऱ्यांसाठी एका आयआयटीला पाच वर्षांचं संशोधन अनुदान जाहीर झालं. उद्देश होता हिऱ्याचं बीज आणि यंत्रं देशातच बनवणं. चांगलंच आहे.

पण माझं म्हणणं एवढंच, की त्या पैशातून संवेदकाच्या दर्जाचा हिरा बनवायचं उद्दिष्टही ठेवा. अंगठीतला हिरा डोळ्यांना स्वच्छ दिसला की भागतं. संवेदकाच्या हिऱ्यात शंभर कोटी अणूंमागे नायट्रोजनचे मोजकेच अणू चालतात. असा माल देणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या. काम अवघड आहे आणि गिऱ्हाईक थोडं, हे मान्य. पण दागिन्याच्या लॅब हिऱ्याचे भाव कसे कोसळले ते आपण पाहिलंच. जे सगळ्यांना बनवता येतं त्याला भाव राहत नाही, हे कांदा पिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तुम्हाला काय वाटतं? लिहा.