आंदणाचा पलंग

आमच्या वसमतेत लग्न ठरले की दोन याद्या होतात. एक पाहुण्यांची आणि दुसरी सामानाची. पहिलीवरून फार तर रुसवेफुगवे होतात. दुसरीवरून ठरलेली लग्ने मोडतात. या दुसऱ्या यादीत सोन्याच्या खालोखाल पलंगाचा मान. नुसता पलंग नव्हे. पलंग, गादी, आरशाचे टेबल आणि कपाट असा सारा संच. मुलाच्या घरी सागवानी पलंग धूळ खात उभा असला तरी मुलीच्या बापाने नवा आणला पाहिजे, मांडवात चारचौघांना दिसेल असा मांडला पाहिजे, आणि मग टेम्पोत घालून मुलीच्या मागोमाग धाडला पाहिजे. फराळाचे ताट समोर असताना भांडण काढू नये, हे मला कळते. पण दिवाळी सरली की तुळशीचे लग्न, आणि ते लागले की याद्या सुरू! तेव्हा वाचकहो, भांडायला याहून बरा मुहूर्त नाही.

माझे म्हणणे एवढेच, की घरात धड पलंग असेल तर वरपक्षाने त्याला रंग द्यावा आणि नव्या सुनेची शेज त्यावरच घालावी.

हा पलंग येतो कशातून ते पाहा. आमचा तालुका हळदीचा. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण ही हळद सात-आठ महिने जमिनीत असते. मग ती खणायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घासायची, आणि तेव्हा कुठे मोंढ्यात न्यायची. नेमक्या त्याच सुमारास लग्नसराई येते. एवढ्या खटाटोपाचा पैसा हातात पडतो तो थेट फर्निचरच्या दुकानात जातो. आणि पीक बुडाले असले तर सावकाराचा जातो. पलंग यायचा थांबत नाही.

बरे, येणारा पलंग तरी काय तोलाचा? आपल्या आजोबांचा पलंग साग-शिसवाचा असे. या बाजूला किनवटच्या रानातला साग प्रसिद्ध. त्याचे सांधे सुताराने कूस-भोक पाडून बसवलेले. सैल झाले तर पाचर मारली की पुन्हा घट्ट. आजचा बहुतेक संच लाकडाचा भुसा सरसात दाबून केलेल्या फळ्यांचा, वर लाकडासारखा दिसणारा कागद. पाणी मुरले की फळी फुगते, स्क्रूचे भोक एकदा सैल झाले की पुन्हा पकड धरत नाही. त्याला दुरुस्ती नाही. मुलगी दोन लेकरांची आई होते न होते तोच तिच्या बापाची हळद भंगारवाल्याच्या गाड्यावर चढते.

यावर उत्तरे तयार असतात. एक आजीबाई मला म्हणाल्या, “मास्तर, ज्या पलंगावर म्हातारा गेला, त्यावर नवी नवरी निजवायची?” त्यांना मी विचारले, “म्हातारा ज्या घरात गेला ते घर पाडले का हो?” त्या हसल्या, पण यादीतला पलंग काही खोडला नाही. दुसरे उत्तर हौसेचे: बाप हौसेने देतो, तुम्ही कोण आडवे येणार? हौस मलाही कळते. पण हौसेला यादी लागत नाही, आणि यादीवर दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या तर मुळीच लागत नाहीत. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात हुंडा म्हणजे फक्त रोकड असे कुठेही म्हटलेले नाही. लग्नासाठी मागून घेतलेली कोणतीही मालमत्ता हुंडाच, आणि नुसती मागणी करणे हासुद्धा गुन्हा. पलंगाला चार पाय असले म्हणून तो कायद्यातून पळून जात नाही.

तिसरे उत्तर मात्र मला खरेच झोंबते: “जुन्याला रंग फासून दिला, असे लोक म्हणतील.” रंगाची ही लाज आपल्याला कधीपासून वाटू लागली? पोळ्याला म्हाताऱ्या बैलाची शिंगे रंगवतो तेव्हा त्याला कोणी जुना म्हणून हिणवत नाही. निजामाच्या राज्यात आपण ज्यांच्या शेजारी नांदलो त्या निर्मळचे कारागीर लाकडावर रंगकाम करूनच नावारूपाला आले. तिकडे कोकणात सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पाट, पाळणे, चौरंग रंगवले. गंजिफाची चित्रे काढलेले तिथले लाकडी सामान लोक कौतुकाने दिवाणखान्यात मांडतात. मी स्वतः शाळामास्तर. तोच फळा काळा रंग देऊन वर्षानुवर्षे नवा करून वापरणारी माझी जात!

आता रंग द्यायचा तो नीट द्यावा. चांगल्या सागावर रंग चढवू नये, असे माझे मत; त्याला चपडीचे पॉलिश पुरे. रंग द्यायचा तो डागाळलेल्या, ठिगळे लावलेल्या किंवा आधीच रंगवलेल्या लाकडाला. सांध्यांत ढेकूण असतील तर उकळते पाणी ओतून आधी त्यांचा निकाल लावावा, लाकूड चांगले वाळू द्यावे, भेगांत लांबी भरावी, एक अस्तर आणि मग रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा पलंग संशयितच. तो कोरड्या पॉलिश पेपरने घराच्या आत घासाल तर ती धूळ रांगत्या लेकराच्या हाताने तोंडात जाईल, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून पाण्यात भिजवून चालणारा पेपर आणा, अंगणात नेऊन ओल्यानेच घासा, नाकाला फडके बांधा, पोरांना आणि गरोदर बाईला दूर ठेवा. खरवड झाडू नका. ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा. रंग पार निघाला पाहिजे असेही नाही. जिथे तो पक्का आहे तिथे नुसता खरखरीत करून वरून नवा द्यावा.

यंदा ज्यांच्या घरी मुलाचे लग्न आहे त्या मातांना माझे सांगणे आहे, की पहिली बोलणी व्हायच्या आत पलंग अंगणात काढा. आलेल्या व्याह्यांना तो तिथेच दाखवा आणि आमच्याकडे हा आहे, दुसरा आणू नका, असे आपल्या तोंडाने सांगा. मुलीला कोणता रंग आवडतो तेही त्यांनाच विचारून घ्या. भाऊबीजेनंतर हात लावलात तर तुळशीच्या लग्नापर्यंत रंग वाळेल. वास जायला आणखी थोडे दिवस लागतील.