तुमच्या गावाकडचं नेट

घरून काम करणाऱ्या मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं : "अरे, तुमच्या गावाकडचं नेट काही बरं नाहीये." बोलणारा हिंजवडीत काचेच्या केबिनमध्ये, ऐकणारा जालन्यात, अंबडला नाहीतर परतूरला. दोन-चार वेळा मीटिंगमधून उडाला, व्हीपीएन गळपटलं, की हेच वाक्य अप्रेझलच्या वेळी परत येतं. आणि मग एक दिवस मेल येतो, सोमवारपासून ऑफिसला या. म्हणजे पुण्यात डिपॉझिट भरा, भाडं भरा, आई-वडिलांना गावी ठेवा. कशासाठी, तर नेट बरं नाही म्हणून.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक वेळा तुटतं ते नेट नसतं, तुटतो तो प्रोग्राम. आणि तो तुटतो, कारण माणूस दिवसभर एकाच खुर्चीत, एकाच वाय-फायवर बसलेला असतो असं तो लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं.

जालन्यात काय होतं ते बघा. दुपारी लाईट जाते. राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू. माणूस शहाणा असतो, तो दहा सेकंदांत फोनचं हॉटस्पॉट लावतो. नेट आलं! तासाभराने लाईट येते, लॅपटॉप आपणहून परत वाय-फायवर उडी मारतो. दोन्ही वेळा नेट होतं. तरीही एसएसएचची विंडो दगडासारखी थिजलेली, व्हीपीएन पुन्हा ओटीपी मागतंय, आणि नव्वद टक्के झालेलं अपलोड शून्यावर.

का? कारण टीसीपी. याचं मूळ स्पेसिफिकेशन (आरएफसी ७९३) सप्टेंबर १९८१ चं. त्यात एक कनेक्शन ओळखलं जातं चार आकड्यांवरून : तुमचा आयपी पत्ता, तुमचा पोर्ट, समोरच्याचा पत्ता, समोरच्याचा पोर्ट. चारातला एक बदलला की ते कनेक्शन तुमचं राहिलंच नाही. १९८१ साली हे ठीकच होतं. तेव्हाचे कॉम्प्युटर उचलून कोण कुठे नेणार होतं? आज वाय-फायवरून हॉटस्पॉटवर गेलं की पत्ता बदलतो.

त्याहून वाईट म्हणजे हे कोणी कोणाला सांगतही नाही. सर्व्हर जुन्या पत्त्यावर उत्तरं पाठवत बसतो. लिनक्सच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये उत्तर न आलेला डेटा तो साधारण पंधरा मिनिटं परत परत पाठवतो आणि मग नाद सोडतो. पाठवायला काही नसेल, तर "आहेस का रे बाबा?" ही विचारणा पहिल्यांदा होते दोन तासांनी, तीसुद्धा प्रोग्रामने कीपअलाइव्ह चालू केलं असेल तरच. म्हणजे कनेक्शन मेलंय, पण मयताची बातमी दोन्ही घरी पोचलेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "नेटचा प्रॉब्लेम" म्हटलं, की आधी हे तपासा.

एक, ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडा आणि आज न पाहिलेली एखादी साइट टाका. उघडली? मग नेट चालू आहे, मेलंय ते जुनं कनेक्शन. प्रोग्राम बंद करून परत जोडा.

दोन, नावाने साइट उघडत नाही, पण आकडी आयपी पत्त्याला पिंग जातोय? मग गडबड डीएनएसची. बऱ्याचदा व्हीपीएन मरताना ऑफिसचा डीएनएस सर्व्हर मशीनमध्ये तसाच ठेवून जातं, आणि आता तो सर्व्हर पोचण्याबाहेर असतो.

तीन, छोटे मेसेज जातात पण मोठी फाइल किंवा जड पान अडकतं? मग एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. व्हीपीएन आपलं वेष्टण वर चढवतं, पाकीट फुगतं आणि वाटेत कुठेतरी गपचूप टाकून दिलं जातं. व्हीपीएनचा एमटीयू कमी करून पाहा.

चार, काही वेळ हात न लावलेलंच कनेक्शन मरतं? मग वाटेतल्या नॅटने आपल्या वहीतून नोंद खोडली. एसएसएचसाठी सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० सेकंद करा, आणि काम सर्व्हरवर टीमक्समध्ये चालवा, म्हणजे विंडो गेली तरी काम जात नाही.

पाच मिनिटांचं काम. पण माझा मुद्दा असा, की हे पाच मिनिटांचं काम जालन्यातल्या पोराने रोज का करावं? यावर उपाय नाहीत असं थोडंच आहे!

मोबाइल आयपीचं स्पेसिफिकेशन १९९६ चं आहे. ते फारसं चाललं नाही, ठीक. पण २०१२ मध्ये एमआयटीच्या लोकांनी मॉश आणलं. नेटवर्क बदला, लॅपटॉप झोपवा, उठवा, टर्मिनल तिथल्या तिथे. ॲपलने २०१३ मध्ये सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी वापरायला घेतलं, वाय-फाय आणि मोबाइल दोन्ही एकाच कनेक्शनमध्ये. वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आलं. ते तुम्हाला पत्त्यावरून नाही, किल्लीवरून ओळखतं. २०२१ मध्ये क्विक (आरएफसी ९०००) आलं, त्यात कनेक्शनला स्वतःचा आयडी असतो, पत्ता बदलला तरी कनेक्शन पुढे चालू राहू शकतं.

ही कल्पना समजायला इंजिनीअर असावं लागत नाही. जालना-बीडकडचे ऊसतोड मजूर दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. रेशनकार्ड गावच्या दुकानाशी बांधलेलं, म्हणजे गाव सोडलं की धान्य सुटलं. मग २०१९ मध्ये 'एक देश, एक रेशनकार्ड' सुरू झालं, पहिल्या जोड्यांमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात होते. अंमलबजावणीबद्दल हवं तेवढं भांडू, पण तत्त्व बरोबर आहे : ओळख माणसाची, दुकानाची नाही. सरकारी खात्याला जे कळलं, ते आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना कळू नये?

यावर सिक्युरिटीवाले म्हणतील, आयपी बदलला की आम्ही मुद्दाम सेशन तोडतो, चोर असला तर? अहो, पत्ता ही ओळख कधीच नव्हती. मोबाइल नेटवर्कवर एकाच पब्लिक पत्त्यामागे कित्येक गिऱ्हाईकं असतात, आणि एकच प्रामाणिक माणूस दिवसात तीन पत्ते बदलतो. या नियमाने प्रामाणिक माणसाला रोज त्रास, आणि त्याच पत्त्यामागे बसलेल्या चोराला मुभा. किल्ली तपासा, डिव्हाइस तपासा, संशय आला तर परत विचारा. पण लाईट गेली म्हणून कोणाला गुन्हेगार ठरवू नका.

आता खरा आक्षेप. नेट कधी कधी खरंच जातं. मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी २६ फेब्रुवारी २०२४ ला जालन्यासह तीन जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवलं होतं. मुंबईच्या गाडीत बसलात तर कसारा घाटातल्या बोगद्यांत सिग्नल जातोच. नेटच नसेल तर प्रोग्राम काय करणार? कबूल, पाठवू शकणार नाही. पण थांबू तर शकतो! अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवा, अपलोड तुकड्यातुकड्यांत करा आणि राहिलं तिथून पुढे चालू करा, परत पाठवलेली रिक्वेस्ट दोनदा मोजू नका. यातलं काहीही नवीन संशोधन नाही. तुटकं डाउनलोड पुढे चालू ठेवायची सोय तर एचटीटीपीमध्ये १९९७ पासून आहे.

आणि मंडळी, हा प्रश्न फक्त आयटीवाल्यांचा नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म भरणारी मुलगी, पीकविम्याचे कागद चढवणारा शेतकरी, सगळे हेच भोगतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे टीमक्स नाही, आणि "सेशन एक्स्पायर्ड" म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तुम्ही टेस्टर असाल, डेव्हलपर असाल, लीड असाल, तर रिलीजच्या यादीत एक ओळ वाढवा : काम अर्ध्यावर असताना वाय-फाय बंद करा, दहा सेकंद थांबा, हॉटस्पॉट लावा. काम जिथे होतं तिथून पुढे गेलं पाहिजे. नाही गेलं तर तो बग आहे. त्याला नंबर द्या, कोणाच्या तरी नावावर टाका.

आणि ही टेस्ट आपलं सॉफ्टवेअर पास होत नाही तोपर्यंत, कृपा करून, गावाकडच्या नेटचं नाव काढू नका.