बेकारीचें सोंग

घटस्फोटानें पतिपत्नींचें नातें तुटतें, बापलेंकरांचें नाहीं. तरी पोटगीचा अर्ज दाखल होतांच कित्येक कमावते, पदवीधर गृहस्थ एकाएकीं 'बेकार' होतात! सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं उभय पक्षांस मिळकतीचें प्रतिज्ञापत्र सक्तीचें केलें. २०२२ सालीं तर, धडधाकट पुरुषानें अंगमेहनत करूनही पत्नी व मुलें यांचें पोषण केलेंच पाहिजे, असें बजावलें. खरोखर नोकरी गेलेल्यास रक्कम कमी करून मागण्याची मुभा कायद्यांत आहेच. मग सोंग कशाला? पोटगी थकविणाऱ्यास तुरुंग आहे खरा. पण बाप तुरुंगांत गेल्यानें लेंकराच्या ताटांत भाकरी पडत नाहीं. अंतरिम पोटगीचा निकाल शक्यतों ६० दिवसांत लावावा, असें कायदा सांगतो; न्यायालयांनीं तो लावावा. भूक पुढची तारीख मागत नाहीं.